नव्या घराची राखण: आधी दार, मग भोंगा, शेवटी कॅमेरा

सातारा शहराबाहेर धाकट्या भावाच्या घराचं बांधकाम सुरू होतं. विटांचं काम झालेलं, गिलाव्याला अजून आठ दिवस होते. भाऊ आणि वहिनी नोकरीमुळे पुण्यात. शनिवार-रविवार ते येणार, बाकीचे पाच दिवस घरात आई एकटी. वस्ती विरळ, शेजारचे तीन प्लॉट मोकळे. म्हणून भावाने कॅमेरे बसवणाऱ्या एका मुलाला बोलावलं. त्याने घराभोवती एक चक्कर मारली आणि कागदावर आकडे मांडले. ‘आठ कॅमेरे, पाच मेगापिक्सेल, सगळं मोबाइलवर लाइव्ह. मग बघायलाच नको, साहेब.’

आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘चोर आला तर हा कॅमेरा काय करणार?’

‘रेकॉर्डिंग होईल की, काकू.’

‘म्हणजे चोरी होऊन जाणार आणि ती आपण नंतर बघायची.’

तो मुलगा हसला, आम्हीही हसलो. पण नवं घर बांधणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारायला हवा, असाच तो प्रश्न होता. घराच्या राखणीत तीन वेगळी कामं असतात. आत शिरू पाहणाऱ्याला अडवणं, तो शिरत असताना कुणाला तरी कळवणं आणि नंतर तो कोण होता हे ओळखणं. दार-खिडक्या पहिलं काम करतात, अलार्म दुसरं आणि कॅमेरा तिसरं. आपण मात्र खरेदीला निघतो ते तिसऱ्यापासून.

चोराला काय अडवतं?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर नेदरलँड्समध्ये मिळालं. तिथे १९९९ पासून प्रत्येक नव्या घराला सहज न उचकटणारी दारं आणि खिडक्या बसवणं कायद्याने बंधनकारक झालं. त्यामुळे संशोधकांना आयतीच तुलना करता आली. एका बाजूला नियमाआधीची घरं, दुसऱ्या बाजूला नंतरची. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नव्या घरांमधल्या घरफोडीचं वार्षिक प्रमाण १.१ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. म्हणजे सुमारे चतुर्थांश घट, तीही कॅमेऱ्याशिवाय. शिवाय चोर जुन्या घरांकडे वळल्याचाही पुरावा सापडला नाही.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट शाखेतल्या संशोधकांनी शिक्षा भोगणाऱ्या ४२२ घरफोड्यांनाच विचारलं. त्यांतल्या सुमारे ६० टक्के जणांनी सांगितलं, की घरात अलार्म आहे असं कळलं तर आपण दुसरं घर शोधू. या अभ्यासाला अलार्म उद्योगाशी संबंधित संस्थेचं अर्थसाहाय्य होतं, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचावा.

आणि कॅमेरे? चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सीसीटीव्ही असलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झाले होते. सर्वाधिक परिणाम वाहनतळांवर दिसला. जिथे कॅमेऱ्यासमोर कुणीतरी बसून लक्ष ठेवत होतं, तिथे उपयोग झाला. नुसतंच रेकॉर्डिंग होत होतं, तिथे ठळक फरक आढळला नाही. हे अभ्यास मुख्यतः सार्वजनिक जागांचे आहेत, पण घरालाही त्यातून शिकण्यासारखं आहे. पाहणारं कुणी नसेल तर कॅमेरा फक्त आठवण ठेवतो.

तेव्हा बजेटचा पहिला हिस्सा दारांना द्यावा. आपल्याकडे घरफोडीच्या बातमीत ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द हमखास असतात. बाहेरून लावलेलं कुलूप कितीही भक्कम असलं, तरी कोयंडा दोन आखूड स्क्रूंवर उभा असेल तर पहारीचा एक झटका पुरतो. दाराच्या लाकडात बसणारं कुलूप, चौकटीत खोल गेलेले लांब स्क्रू, बाहेरून न दिसणाऱ्या बिजागऱ्या आणि पुढच्या दाराइतकंच मजबूत मागचं दार, एवढं तरी हवं. बाहेर लोंबणारं कुलूप आणखी एक गोष्ट जाहीर करतं: घरात कुणी नाही.

दोन जागा हमखास विसरल्या जातात. एक गच्चीवर जाणाऱ्या जिन्याचं दार, ते नेहमी हलकं बसवलं जातं. दुसरी न्हाणीघराची झरोक्याची खिडकी, तिच्या काचेच्या पट्ट्या बाहेरून सरकवून काढता येतात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचं पानही उचलून रुळातून काढता येतं, म्हणून तिला आतून खटका किंवा बाहेरून ग्रिल हवं.

भोंगा: कळवणारं यंत्र

घराला विजेवर चालणारा चोरघंटेचा पहारा बसवण्याची कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेतील बोस्टनजवळ राहणाऱ्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की विद्युतमंडल पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची. आजचा दाराचा सेन्सर त्याच कल्पनेचा वारसदार आहे. चौकटीवर काचेच्या बारीक नळीत दोन लवचिक पत्र्या असतात आणि दारावर छोटा चुंबक. दार बंद असताना चुंबकामुळे पत्र्या एकमेकींना चिकटून राहतात. दार उघडलं, चुंबक दूर गेला की पत्र्या सुटतात आणि अलार्मला संदेश जातो. यात बिघडण्यासारखं फार काही नाही आणि किंमतही कमी. घरात एकच सेन्सर घ्यायचा असेल तर हाच घ्यावा.

दुसरा प्रकार हालचाल टिपणारा, त्याला बाजारात ‘पीआयआर’ म्हणतात. त्यातून कुठलाही किरण बाहेर पडत नाही. तो फक्त उष्णता पाहतो. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश सेल्सिअस असतं. अशा वस्तूतून निघणारे अवरक्त किरण ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. सेन्सरमधला स्फटिक नेमके तेच टिपतो. समोरचं खाचाखाचांचं प्लास्टिक हे भिंगाचं काम करतं आणि खोलीचे अदृश्य पट्टे पाडतं. ऊबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की सेन्सर जागा होतो. त्यामुळे समोरून आडवं जाणारं माणूस त्याला चटकन कळतं, थेट त्याच्याच दिशेने येणारं उशिरा.

या तत्त्वातच त्याच्या मर्यादा दडल्या आहेत. मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूरच्या बंद घरातल्या भिंतीच ३८-४० अंशांवर तापलेल्या असतात. माणूस आणि भिंत यांच्या तापमानातला फरक उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. उन्हाळी सुट्टीत घर बंद असतं, नेमकं तेव्हाच. तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारे सेन्सर मिळतात, तसा मागून घ्यावा. शिवाय दारावरचा चुंबक सोबत असू द्यावा. त्याला उन्हाळा-हिवाळा सारखाच.

दुसरी अडचण पालीची. भिंगावरूनच पाल सरकली, तर सेन्सरला ती केवढी तरी मोठी वाटते. एसीचा झोत, खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप, घरातलं मांजर हीदेखील खोट्या गजराची कारणं. म्हणून हा सेन्सर खिडकीसमोर, स्वयंपाकघरात किंवा एसीखाली लावू नये. खोटे गजर हा साधा त्रास नाही. रात्री दोनदा विनाकारण भोंगा वाजला की तिसऱ्या रात्री शेजारी कूस बदलून झोपतात आणि चौथ्या रात्री घरातलेच यंत्रणा बंद करून टाकतात. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहेच. रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात यंत्रांच्या सततच्या आवाजामुळे कर्मचाऱ्यांचं खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होतं, यावर बरंच संशोधन झालं आहे. मोबाइलवर दिवसाकाठी शंभर वेळा ‘हालचाल आढळली’ असा संदेश आला, तर आपलंही तेच होतं.

अलार्म घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, रात्रीसाठी वेगळी सोय आहे का? घरात माणसं झोपलेली असताना फक्त बाहेरची दारं-खिडक्या पहाऱ्यावर हव्यात, आतले सेन्सर बंद. नाहीतर आई रात्री पाणी प्यायला उठली की भोंगा. दुसरी, वीज आणि इंटरनेट दोन्ही गेलं तर काय? यंत्रात स्वतःची बॅटरी आणि मोबाइलचं सिमकार्ड असेल तर तो तरीही फोन करू शकतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, फोन जाणार कुणाला? पुण्यात बसलेल्या मुलाला साताऱ्याच्या घराचा गजर कळून तो पोचेपर्यंत दोन-अडीच तास जातील. यादीत पहिलं नाव चालत पाच मिनिटांत येऊ शकेल अशा शेजाऱ्याचं हवं, आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक सगळ्यांना पाठ हवा.

मेगापिक्सेलचा भुलभुलैया

आता कॅमेरा. घरासाठी कॅमेऱ्याची पहिली व्यवस्था शोधली ती न्यूयॉर्कमधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने. तिच्या आणि पतीच्या कामाच्या वेळा वेगळ्या, वस्तीत पोलीस उशिरा पोचायचे. पती अल्बर्ट यांच्यासोबत तिने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९ मध्ये मिळालं. त्यात दारातला माणूस पाहण्यासाठी कॅमेरा होताच, पण त्याच्याशी बोलण्याची, आतूनच कडी काढण्याची आणि मदत बोलावण्याची कळही होती. म्हणजे आईला जे हवं होतं, ते त्या परिचारिकेने साठ वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. दिसणं पुरेसं नाही, दिसल्यावर काहीतरी करता आलं पाहिजे.

दुकानात मात्र पहिली चर्चा मेगापिक्सेलची होते. खरा प्रश्न असतो तो वेगळाच: चेहरा ज्या जागी येणार, तिथल्या एक मीटर रुंदीवर किती बिंदू पडतात? आंतरराष्ट्रीय मानकानुसार मीटरमागे २५ बिंदू असतील तर ‘कुणीतरी आहे’ एवढं कळतं. १२५ बिंदूंना ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर २५० बिंदू लागतात.

हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० बिंदू. त्याला २५० ने भागलं की सुमारे ७.७ मीटर. घराला सहसा लावतात त्या २.८ मिलिमीटर भिंगाला खूप रुंद दिसतं. तीन मीटर अंतरावरच त्याच्या चित्राची रुंदी पावणेआठ मीटरच्या घरात जाते. म्हणजे तीन मीटरपलीकडच्या अनोळखी चेहऱ्याची खात्री नाही. सहा मीटरवर ओळखीचा माणूस ओळखू येईल आणि तिसेक मीटरवर फक्त कुणीतरी हलताना दिसेल. आता याच भिंगासह पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर? बिंदू अडीचपट झाले, पण ते रुंदी आणि उंची दोन्हींत वाटले जातात. चेहरा ओळखण्याचं अंतर वाढतं ते जेमतेम एका मीटरने. त्याऐवजी दोन मेगापिक्सेललाच सहा मिलिमीटरचं भिंग लावलं, तर तेच अंतर आठ मीटरच्या आसपास जातं. मोबदल्यात दृश्य अरुंद होतं.

यातून निघणारा नियम असा. फाटक आणि मुख्य दार या ‘गाळणी’च्या जागा आहेत, आत येणाऱ्याला तिथून जावंच लागतं. तिथे लांब पल्ल्याचं भिंग, चेहऱ्यावर रोखलेलं. अंगण आणि घराच्या बाजूंना रुंद भिंग, हालचाल कळण्यापुरतं. असं केलं तर आठांऐवजी चार कॅमेऱ्यांत भागतं.

उंचीही महत्त्वाची. कॅमेरा हाताला लागू नये म्हणून तो पहिल्या मजल्याच्या छज्जाखाली लावतात आणि मग रेकॉर्डिंगमध्ये फक्त टोप्या आणि डोक्याचे भांग दिसतात. अडीच ते तीन मीटर उंची बरी. दार पूर्वेला असेल आणि कॅमेरा घरातून बाहेर पाहत असेल, तर सकाळी येणारा प्रत्येक जण काळी सावली दिसेल. अशा जागी उजेड आणि अंधार एकाच वेळी सांभाळणारा, बाजारात ‘डब्ल्यूडीआर’ म्हणून मिळणारा कॅमेरा घ्यावा.

रात्रीचं गणित वेगळं. अंधारात कॅमेरा स्वतःचे अवरक्त दिवे लावतो. बहुतेक कॅमेऱ्यांत हे दिवे ८५० नॅनोमीटरचे असतात, जवळून पाहिलं तर मंद लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे दिसतच नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. दोन्हींत चित्र कृष्णधवल येतं, म्हणून ‘लाल शर्टवाला’ हे वर्णन रात्रीच्या रेकॉर्डिंगमधून मिळणार नाही. पावसाळ्यात भिंगाजवळचे थेंब या दिव्यांनी उजळतात आणि चित्रात पांढऱ्या रेघा उमटतात. कोळ्याचं एक जाळंही चेहरा झाकायला पुरतं. काचेच्या घुमटात बसवलेल्या कॅमेऱ्यात धूळ-पाण्याचा त्रास जास्त, उघड्या जागी लांबट नळीचा कॅमेरा बरा. त्यावर ‘आयपी ६६’ किंवा ‘६७’ असं लिहिलेलं पाहावं. पहिला सहा धुळीपासून पूर्ण संरक्षण सांगतो. दुसऱ्या आकड्यातला सहा म्हणजे जोरदार फवारा सोसतो आणि सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने भिंग पुसणं मात्र कुठल्याच आकड्यात येत नाही, ते आपणच करायचं. आणि अंगणात हालचाल होताच पेटणारा साधा पांढरा दिवा लावला तर कॅमेऱ्याला रंग दिसतात, येणाऱ्याला आपण दिसतोय हे कळतं आणि घरच्यांना ठेच लागत नाही.

गिलाव्याआधीचे आठ दिवस

नव्या घराचा मोठा फायदा हा, की भिंती अजून उघड्या असतात. एकदा गिलावा झाला की वायर बाहेरून न्यावी लागते, आणि बाहेरची वायर चोराच्या कात्रीत सापडते. म्हणून फाटक, चारही कोपरे, मुख्य दार, मागचं दार आणि गच्ची इथपर्यंत रिकामे पाइप आधीच घालून घ्यावेत. कॅमेरे पुढे कधीही येतील. पाइपातून ‘कॅट ६’ वायर टाकली तर एकाच वायरीतून चित्रही येतं आणि वीजही जाते. ही पद्धत शंभर मीटरपर्यंत चालते, नेहमीच्या बंगल्याला ते पुष्कळ झालं. वायर शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारावं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण लांब अंतरावर वीज कमी पोचवते. विजेच्या मुख्य तारा आणि या तारा एका पाइपात घालू नयेत. वळिवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा बाहेरच्या तारांतून येणारा दाबाचा लोंढा रोखायला संरक्षक बसवावा आणि अर्थिंग नीट करून घ्यावं.

चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून साधारण ६० वॉट लागतात, म्हणजे जवळपास एका छताच्या पंख्याइतके. इन्व्हर्टरवर ते सहज चालतील. पण ते दिवसरात्र सुरू असल्याने महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात, हेही धरून चालावं.

रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं? दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आजच्या ‘एच.२६५’ पद्धतीने सेकंदाला दोन मेगाबिट पाठवत असेल, तर दिवसाला २१.६ जीबी भरतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. एक टीबीच्या डिस्कमध्ये साडेअकरा दिवस मावतात, त्यानंतर जुन्यावर नवं लिहिलं जातं. गणपतीला बारा दिवस कोकणात गेलात आणि पहिल्याच रात्री घर फुटलं, तर परत येईपर्यंत पुरावा पुसला गेलेला असेल. दोन टीबी घेतली तर मुदत दुप्पट होते.

घरफोडीच्या बातम्यांत आणखी एक वाक्य आता नेहमीचं झालं आहे: चोरट्यांनी जाताना डीव्हीआरही नेला. टीव्हीखाली ठेवलेला रेकॉर्डर चोराला पहिल्या मिनिटात सापडतो. नव्या घरात त्याच्यासाठी हवा खेळती राहील असं एखादं कुलूपबंद कपाट आधीच ठरवता येतं. फाटकाच्या कॅमेऱ्याची एक प्रत मेमरी कार्डावर किंवा क्लाउडवर जाऊ द्यावी. यंत्राचं घड्याळही अधूनमधून तपासावं. वीस मिनिटं चुकीची वेळ दाखवणारं रेकॉर्डिंग तपासात गोंधळ घालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून चोरीनंतर स्वतः काटछाट करत बसू नये. यंत्र आहे तसं राहू द्यावं आणि पोलिसांना बोलवावं.

जो धोका कुणीच विचारत नाही

सुरक्षेच्या यादीत चोर असतो, आग आणि गॅस नसतात. खरं तर अलार्मची किंमत तिथे सर्वांत जास्त वसूल होते, कारण तिथे प्रश्न दागिन्यांचा नसून जिवाचा असतो.

गॅसचा सेन्सर कुठे लावायचा, हे गॅस कोणता यावर ठरतं. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर पसरतो. त्याचा सेन्सर जमिनीपासून साधारण एक फुटावर हवा. पाइपने येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका. त्याचा सेन्सर छताजवळ हवा. उलट लावला तर यंत्र असून नसल्यासारखं. गजर झाला की रेग्युलेटर बंद करायचा आणि दारं-खिडक्या उघडायच्या. दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते.

धुराचा सेन्सर झोपायच्या खोल्यांबाहेरच्या वाटेत, छताला लावावा. स्वयंपाकघरात तो फोडणीलाही ओरडेल, तिथे धुराऐवजी वाढतं तापमान ओळखणारा सेन्सर योग्य. आणि ग्रिल बसवताना प्रत्येक मजल्यावर निदान एका खिडकीला आतून उघडणारी झडप ठेवावी. किल्ली जवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशी. चोराला आत न येऊ देणारी जाळी आपल्यालाही बाहेर पडू देत नसेल, तर ती राखण नव्हे.

कॅमेऱ्याचा डोळा कुणाचा?

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा हा एक छोटा संगणक असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर अशी लाखो यंत्रं ताब्यात घेतली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांना काही तास बंद पाडलं. तिची युक्ती फार साधी होती. कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयात महिलांच्या तपासणीचं कॅमेऱ्यातलं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. कॅमेरा लावला होता सुरक्षेसाठीच.

म्हणून बसवणारा माणूस घरातून बाहेर पडण्याआधी पासवर्ड आपण स्वतः बदलावा. ॲपमध्ये दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू करावी आणि ‘नंतर सर्व्हिसला सोपं पडेल’ म्हणून त्याच्या मोबाइलवर आपलं घर राहू देऊ नये. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक केल्या आहेत. दुकानदाराकडे त्या प्रमाणपत्राची विचारणा करावी.

कॅमेऱ्याचा रोख आपल्याच हद्दीत हवा. शेजाऱ्याची खिडकी चित्रात येत असेल, तर तेवढा भाग काळा करण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे. घराच्या आत राहत्या भागात सहनिवासींच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कोलकाता उच्च न्यायालयाने दिला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

आमच्या घरात हा वाद न्यायालयाशिवायच मिटला. भावाला हॉलमध्ये एक कॅमेरा हवा होता, चोरासाठी नाही, आईसाठी. ती पडली, तिला काही झालं तर कळावं म्हणून. त्याची काळजी खोटी नव्हती. आई म्हणाली, ‘मी दुपारी पाय पसरून बसते, देवाशी भांडते, कधी रडतेही. ते तुझ्या मोबाइलवर कशाला?’ भाऊ बराच वेळ गप्प बसला.

शेवटी जे ठरलं ते असं. पुढच्या आणि मागच्या दाराला चांगली कुलूपं, लांब स्क्रू. जिन्याच्या दाराला लोखंडी पट्टी. सगळ्या दारांना चुंबकाचे सेन्सर, एक भोंगा, यादीत पहिला नंबर पलीकडच्या गल्लीतल्या देशमानेकाकूंचा. त्यांना आधी विचारून. फाटकावर आणि मुख्य दारावर लांब भिंगाचे दोन कॅमेरे, बाजूंना दोन साधे. स्वयंपाकघरात गॅसचा सेन्सर फरशीपासून फूटभर वर, जिन्यापाशी धुराचा. घरात एकही कॅमेरा नाही. त्याऐवजी आईच्या गळ्यात मदतीची कळ आणि एक छोटी सोय: सकाळी साडेसातपर्यंत मागचं दार उघडलं नाही तर भावाला संदेश जातो.

ते दार आई रोज सहाच्या सुमाराला उघडते, तुळशीला पाणी घालायला. पुण्यात भावाच्या मोबाइलवर तेव्हा काहीच वाजत नाही. काही वाजलं नाही, म्हणजे आई उठली.